बाप, मुलगा आणि घोडा

उलव्यात आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. पाटीवर ‘अँड सन्स’ असे झोकात लिहिले आहे. प्रत्यक्षात चिरंजीव एकच! दिवसाकाठी दोन खटके उडाल्याखेरीज आमचे शटर खाली येत नाही. चहा मात्र दोघांचा एकाच किटलीतला.

गेल्या पावसाळ्यात चिरंजिवांनी मला मोबाइलवर एक जुनी इंग्रजी मालिका दाखविली. ‘स्टेप्टो अँड सन’ तिचे नाव. मुंबईत दूरदर्शन आले १९७२ साली. बीबीसीवर ही मालिका त्याआधी दहा वर्षे, १९६२ मध्ये सुरू झाली आणि मध्ये खंड पडूनही १९७४ पर्यंत चालली. रे गॉल्टन आणि ॲलन सिम्प्सन हे तिचे लेखक. लंडनमधले बापलेक, धंदा भंगाराचा, भांडवल म्हणजे एक घोडा आणि एक गाडी. बाप आल्बर्ट मोठा खवट. मुलगा हॅरॉल्ड चाळिशीकडे झुकलेला, पण स्वप्ने उच्च अभिरुचीची! गंमत अशी की, बाप झालेले विल्फ्रिड ब्रँबेल मुलगा झालेल्या हॅरी कॉर्बेटपेक्षा अवघ्या तेरा वर्षांनी मोठे होते. आणि हे कॉर्बेट जन्मले कोठे? रंगूनला! पुढे १९७२ मध्ये अमेरिकेने हीच जोडी ‘सॅनफर्ड अँड सन’ म्हणून आपलीशी केली. बापलेकांची भांडणे सगळ्या मुलखांत सारखीच, दुसरे काय!

पहिल्याच भागात हॅरॉल्डला दुसरीकडे कामाची संधी येते. तो आपले सामान गाडीवर लादतो. पण बाप घोडा देत नाही. हॅरॉल्ड स्वतःच गाडी ओढू पाहतो. गाडी तसूभरही हलत नाही. अखेर तो रडू लागतो आणि बाप त्याला चहाला घरात घेऊन जातो.

मी हसायचे विसरलो. दोन महिन्यांपूर्वी चिरंजिवांना पुण्याहून नोकरीचे बोलावणे आले होते. मी ‘नको’ म्हटले नाही. फक्त ‘माझे गुडघे’, ‘गोदाम’, ‘उधारी कोण वसूल करणार’ एवढेच म्हणालो. तोही गप्प बसला होता.

‘‘बाबा, चहा ठेवू?’’ त्याने विचारले.

‘‘ठेव,’’ मी म्हणालो, ‘‘आणि ती पुण्याची जागा अजून रिकामी आहे का, ते उद्या विचार.’’

जागा रिकामी होती. परवा बामणडोंगरी स्टेशनावर मी त्याला गाडीत बसवून दिले. दुकानात आता एक होतकरू पोरगा ठेवला आहे. काम चोख करतो, पण उलट उत्तर म्हणून देत नाही. भांडायला माणूस नाही, म्हणून रोज रात्री पुण्याला फोन लावतो!

पाटी मात्र तशीच आहे. दिवाळीला चिरंजीव येणार आहेत. तेव्हा ‘सन्स’ ठेवायचे की पुसायचे, यावर आमचे एक कडाक्याचे भांडण ठरलेले आहे.