बोलता येईल एवढंच पळायचं

आम्ही दोघी एकाच बचत गटातल्या. तालुक्याच्या गावी दर जानेवारीत १० किलोमीटरची शर्यत असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आम्ही ठरवलं, यंदा आपणही पळायचं. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळाल्या. आपल्याला तेवढं नको, पण १० किलोमीटर का जमू नये?

पहिल्याच दिवशी घराच्या दारातून धूम ठोकली आणि पोटऱ्या धरल्या. थंडीत अंग आखडलेलं असतं. म्हणून आधी १० मिनिटं भराभर चालायचं, अंग गरम झालं की मगच पळायचं. सुरुवातीला आम्ही १ मिनिट पळायचो, २ मिनिटं चालायचो. सगळं मिळून अर्धा तास. आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस विश्रांती. दर आठवड्याला अंतर थोडंथोडंच वाढवायचं.

थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यायचं. निघण्याआधी गूळ-शेंगदाणे नाहीतर अर्धी भाकरी. घरी आल्यावर घामाचे कपडे लगेच बदलायचे. आणि रस्त्याचं जपा. हे उसाचे दिवस. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने पळा. आम्ही स्वेटरवर घरातला जुना पांढरा शर्ट घालायचो आणि हातात बॅटरी. सासूबाई म्हणाल्या, "उजाडल्यावर जा की!" त्यांचं बरोबर होतं. आम्ही उजाडल्यावर जाऊ लागलो.

आता वेग किती ठेवायचा? घड्याळ नको, सोबतीण पुरे. पळताना एकमेकींशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला, चालायला लागा.

चौथ्या आठवड्यात आमच्यातली एक बोलेनाशी झाली. हळू पळालं तरी धाप, चालतानाही छातीत धडधड. दुसरी म्हणायची, "कंटाळा करतेस, चल!" चार दिवस असंच ओढलं. एकदा ती बांधावर मटकन बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा कुठे आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.५. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. रक्तच शरीरभर प्राणवायू पोचवतं. ते कमी असेल तर हृदयाला जास्त राबावं लागतं. तो कंटाळा नव्हता. पाळीत जास्त जातं, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं.

डॉक्टरांनी पळणं थांबवलं, हळू चालायला परवानगी दिली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी आणि जेवणाच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-आवळ्याने लागतं. बरं वाटलं तरी सांगितलेले सगळे महिने गोळ्या घ्यायच्या.

मग शर्यतीचं काय? त्या जानेवारीत आम्ही दोघीही पळालो नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. डॉक्टरांना विचारून पुन्हा १ मिनिटापासून सुरुवात केली आणि गेल्या जानेवारीत दोघींनी १० किलोमीटर पूर्ण केले. शेवटून मोजलं तर नंबर चांगला होता!

मैत्रिणींनो, पळा किंवा नुसतं चाला, पण सोबतीने. सोबतीण गप्प झाली तर तिला ओढू नका. थांबा, विचारा, आणि तिच्याबरोबर तुम्हीही रक्त तपासून घ्या.