जनावराचा विमा : हप्ता पाहावा की सेवा?

ज्या घराचा बाजारहाट दुधाच्या पैशावर चालतो, त्या घरी म्हैस दगावणे ही मोठीच आपत्ती होय. दूधसंस्थेचे बिल त्याच दिवसापासून थांबते. म्हशीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. अशा प्रसंगी जनावराचा विमा उपयोगी पडतो, हे आता बहुतेक पशुपालकांस ठाऊक आहे. परंतु तो कोणत्या कंपनीकडे उतरवावा, असा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळदा एकच गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे कोणाचा हप्ता कमी आहे.

ही निवड सर्वत्र शेतकऱ्याच्या हाती नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जिल्ह्यासाठी कंपनी कोणती, हे शासन निविदेद्वारे ठरविते. सरकारी अनुदानाच्या पशुधन विमा योजनेतही सामान्यतः तसेच होते. या योजनेत पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या १५ टक्के राहील, असे केंद्र शासनाने २०२४ साली ठरविले. म्हणून तिचा लाभ मिळत असल्यास तो आधी घ्यावा. जेथे स्वतःच्या पैशाने विमा उतरवावयाचा आहे, तेथे मात्र निवड करावी लागते. १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय केवळ सरकारी कंपन्यांकडे होता. २००० नंतर खाजगी कंपन्यांसही परवाने मिळाले आणि दरांत व अटींत फरक दिसू लागला.

उदाहरणादाखल ८०,००० रुपये किमतीची म्हैस घेऊ. एक कंपनी शेकडा ३ दराने २,४०० रुपये मागते, दुसरी शेकडा ४ दराने ३,२०० रुपये. वर्षाला ८०० रुपये वाचतात, हे खरे. पण पहिल्या विमापत्रात केवळ मृत्यूची जोखीम घेतलेली असेल, आणि दुसऱ्यात जनावर दुधास किंवा प्रजननास कायमचे निकामी झाल्यास विमा रकमेच्या ७५ टक्के देण्याची तरतूद असेल, तर म्हैस जिवंत राहून कायमची भाकड झाल्यास पहिल्या कंपनीकडून काहीच मिळणार नाही व दुसरीकडून ६०,००० रुपये मिळू शकतील. हे दोन भिन्न माल आहेत. त्यांचे भाव शेजारी मांडून तुलना करणे म्हणजे ज्वारी आणि कडबा एकाच मापाने मोजणे होय.

भरपाईची रक्कम कशी ठरते, हेही विचारून घ्यावे. काही विमापत्रांत विम्याची रक्कम किंवा मृत्यूपूर्वीची बाजारातील किंमत, यांपैकी जी कमी असेल ती दिली जाते. म्हणून हप्ता भरताना किंमत फुगवून लिहिण्यात लाभ नाही. विमा उतरविल्यापासून पहिल्या काही दिवसांत, बहुधा १५ दिवसांत, रोगाने आलेला मृत्यू धरला जात नाही. घटसर्प, फऱ्या, लाळखुरकूत यांची लस टोचलेली असावी, अशी अट अनेक ठिकाणी असते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रात मोठी हानी केली. तेव्हा हा रोग विम्यात धरला आहे काय, हे वाचून पाहावे. चोरी बहुतेक विमापत्रांत वगळलेली असते.

कंपनीच्या सेवेची खरी कसोटी जनावर मेल्यानंतरच्या काही तासांत लागते. कंपनीस तत्काळ कळवावे लागते. पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे लागते. कानातील बिल्ला स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे लागतात. कंपनीच्या प्रतिनिधीस मृत जनावर पाहावयाचे असेल, तर तोवर ते ठेवावे लागते. वैशाखातील उन्हात ते किती वेळ ठेवता येईल, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्या कंपनीचा माणूस तालुक्याच्या गावी राहतो आणि फोन उचलतो, तिला थोडा अधिक हप्ता देणे महागाचे नव्हे.

बिल्ल्याची गोष्ट तर दाव्याचा प्राणच होय. बिल्ला नसल्यास दावा नाही, असा कंपन्यांचा नियम असतो. दावणीला घासून बिल्ला पडला, तर त्याच दिवशी कंपनीस कळवून नवा बसवून घ्यावा व त्याचा क्रमांक विमापत्रात नोंदवून घ्यावा. बिल्ला बदलून देण्यास एखादी कंपनी आठवडेच्या आठवडे लावीत असेल, तर तिची स्वस्ताई काय कामाची?

सेवेची माहिती कोठे मिळावी? विमा नियामक प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालात कंपन्यांचे दावे व तक्रारी यांचे आकडे असतात. परंतु त्यांत मोटार व आरोग्य विम्याचे मोठे व्यवहार मिसळलेले असल्याने तालुक्यातील म्हशींविषयी त्यांवरून फारसे कळत नाही. याहून दूधसंस्थेच्या सचिवास विचारावे. ज्यांनी नुसता हप्ता भरला त्यांना नव्हे, तर ज्यांनी दावा केला त्यांना गाठावे आणि पैसे किती दिवसांत आले, किती कापले, हे विचारावे. दाव्याच्या कागदांवर सही करणाऱ्या पशुवैद्यकासही हा अनुभव असतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मात्र अमुक कंपनी घ्या असे सांगू नये. कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच सांगावे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत थोडे निराळे आहे. तृतीय पक्षाच्या विम्याचा मूळ दर शासन ठरविते व तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो, म्हणून तेथे घासाघीस व्यर्थ. फरक असतो तो स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागात. ट्रॉलीचा विमा त्यात धरला आहे का, तेवढे आवर्जून पाहावे.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे व कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे अशी कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत विमापत्र, हप्त्याची पावती व शवविच्छेदनाचा दाखला यांच्या प्रती जोडाव्या लागतात.