चेरोकी वंशशोध आणि नोंदवहीचे प्रामाण्य
‘आमची पणजी चेरोकी होती’, अशी आख्यायिका अनेक अमेरिकी कुटुंबांत आढळते. वंशशोधात तिला पुराव्याचे मोल नाही. डीएनए चाचणीही विशिष्ट जमात सिद्ध करीत नाही. जन्म, विवाह, मृत्यूच्या दाखल्यांवरून पिढी-दरपिढी मागे जावे लागते. ओक्लाहोमातील चेरोकी नेशनच्या नागरिकत्वासाठी विसाव्या शतकारंभीच्या डॉज नोंदवहीत पूर्वज सापडणे अनिवार्य होय. ही नोंदवही मात्र निर्दोष नव्हे. चेरोकींनी गुलाम केलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची तीत ‘फ्रीडमेन’ अशी वेगळी नोंद झाली व रक्तप्रमाण लिहिले गेले नाही. कित्येकांचे पूर्वज चेरोकी असूनही! त्यांच्या वंशजांचा नागरिकत्वाचा हक्क २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने मान्य केला. २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने संविधानातील ‘रक्ताने’ ही अट रद्दबातल ठरविली.