दगडफुलाला थंडी वाजत नाही

अंटार्क्टिकावरचं भारताचं ‘मैत्री’ केंद्र शिर्माकर नावाच्या खडकाळ पट्ट्यावर उभं आहे. पट्टा जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा. चहूकडे बर्फ, मधे उघडे खडक, आणि हिवाळ्यात दोनेक महिने सूर्याचं दर्शन नाही. इथे गवताची काडी उगवत नाही. अख्ख्या खंडावर फुलणाऱ्या वनस्पती दोनच, आणि त्याही फार दूर, द्वीपकल्पाच्या बाजूला. तरी शिर्माकरच्या खडकांवर दगडफुलांच्या पन्नासहून जास्त जाती सापडल्या आहेत. पोलंडच्या मारिया ओलेख आणि गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे शिवमोहन सिंह यांनी या जातींवर पुस्तकच २०१० साली काढलं.

दगडफूल म्हणजे आपलं तेच, गोड्या मसाल्यातलं. शास्त्रीय लेखनात त्याला शैवाक म्हणतात. मसाल्याची जात वेगळी, मैत्रीजवळच्या जाती वेगळ्या, पण घडण एकच: बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हात रांधतं. स्वित्झर्लंडच्या झिमॉन श्वेंडनर यांनी १८६०च्या दशकात हे सांगितलं, तेव्हा त्या काळातले दगडफुलांचे जाणकारच त्यांच्यावर तुटून पडले होते.

डब्यातला एक तुकडा बशीत घेऊन पाहा. वरची बाजू राखाडी, खालची काळी, कडा मुडपलेल्या. त्यावर चार थेंब पाणी सोडलं की थोड्याच वेळात राखाडी रंगात हिरवट झाक उतरते. वरचा थर ओला होऊन पारदर्शक झाला आणि त्याखालचं शेवाळ दिसू लागलं, इतकंच. डब्यातला तुकडा बहुधा कधीच मेलेला असतो. जिवंत दगडफुलात मात्र हीच कामाची वेळ: उजेड शेवाळापर्यंत पोचतो आणि काही मिनिटांत प्रकाशसंश्लेषण सुरू होतं. शेवाळ रिबिटॉल नावाचा साखरेच्या जातीचा पदार्थ तयार करतं, बुरशी तो उचलते आणि त्याचं मॅनिटॉल करून साठवते.

पाणी आटलं की सगळं बंद. दगडफुलाला मुळं नाहीत आणि पाणी धरून ठेवायची सोयही नाही. हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं. वजनाच्या पाच-दहा टक्के पाणी उरलं की प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसनही थांबतं. एरवी इतकं वाळल्यावर पेशी मोडून पडतात. इथे साठवलेलं मॅनिटॉल आणि त्याचे भाऊबंद पाण्याची जागा घेतात, प्रथिनांना आणि पेशींच्या पातळ पडद्यांना सावरून धरतात. अंगावर पडणारं ऊन वापरता येत नसतं, तेव्हा शेवाळ ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. अशा अवस्थेत महिनेच्या महिने काढता येतात.

ध्रुवावरच्या थंडीचं कोडं इथेच सुटतं. तापमान शून्याखाली गेलं की बर्फ पेशींच्या आत न होता बाहेर, बुरशीच्या धाग्यांमधल्या फटींत होतो. तो पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे दगडफुलाच्या लेखी गोठणं हे वाळण्यासारखंच, आणि वाळणं तर त्याच्या रोजच्या सवयीचं. थंडीसाठी वेगळी तयारी करायची गरजच पडली नाही.

तिथे अडचण आहे ती पाण्याची. पाणी आहे पण गोठलेलं. त्यावरचे उपाय पाहण्यासारखे आहेत. शिर्माकरवर आढळणारं ‘ब्युएलिया फ्रिजिडा’ काळं असतं, त्याच्याखालचा खडकही बऱ्याचदा गडद. हवा शून्याखाली असताना उन्हाने तो खडक चांगला दहा-पंधरा अंशांवर जातो, भुरभुरलेला हिम त्यावरच वितळतो आणि तासभराची सोय होते. काही जातींना तेवढंही लागत नाही, त्या हिमातून वाफेच्या रूपात पाणी खेचतात. जर्मनीचे लुडगर काप्पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अंबिलिकॅरिया ॲप्रिना’ या जातीचं प्रकाशसंश्लेषण अंटार्क्टिकात उणे १७ अंशांनाही चालू असलेलं मोजलं. वेग अर्थात नावापुरता. वर्षाकाठी कामाचे तास इतके थोडे, की अंटार्क्टिकातल्याच मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत ‘ब्युएलिया’ वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंही वाढत नाही. त्याच दऱ्यांत इम्रे फ्रीडमन यांना वालुकाश्माच्या आत, वरच्या कपच्याखाली राहणारी दगडफुलं सापडली. दगडातून झिरपेल तेवढ्या उजेडावर ती जगतात.

नारिंगी रंगाच्या ‘झँथोरिया एलेगन्स’ला तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर दीड वर्ष टांगून ठेवलं होतं. परत आणून भिजवल्यावर त्यातल्या बऱ्याचशा शेवाळाने पुन्हा काम सुरू केलं. हे ऐकून लोक थक्क होतात. मला मात्र त्याहून पालघर किनाऱ्यावरच्या केळव्यातली पोफळ जास्त विचारात पाडते.

केळव्याच्या वाड्यांत पोफळीच्या, आंब्याच्या खोडांवर पांढुरके-राखाडी चट्टे असतात. पुष्कळांना तो झाडाचा रोग वाटतो. भिंग लावलं तर एखाद्या चट्ट्यावर काळ्या, वाकड्या, फाटे फुटलेल्या रेघा दिसतात, मोडी लिहिल्यासारख्या. हे ग्राफिसच्या कुळातलं दगडफूल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून या कुळाच्या कितीतरी जाती शोधून काढल्या. खोडाला रंगासारखी चिकटलेली अशी जात किनाऱ्यावर भरपूर; मसाल्यातल्यासारखी मोठी, पानासारखी जात क्वचित. तिच्यासाठी महाबळेश्वर गाठावं, नाहीतर हिमालय.

पाऊस इतका, दमट हवा बारमाही, मग असं का? कारण रात्र. जुलैतल्या केळव्यात रात्रीही पंचवीस-सव्वीस अंश असतात आणि खोड निथळत असतं. उजेड नाही म्हणून शेवाळ बसून, पण ओली नि उबदार बुरशी रात्रभर श्वास घेत साठा जाळत राहते. दर दहा अंशांमागे हा खर्च साधारण दुप्पट होतो. दिवस उजाडतो तो ढगाळ, आणि फार भिजलेल्या दगडफुलात कार्बन डायऑक्साइड नीट शिरत नाही. पुढे ऊन पडलं तर तासाभरात सगळं वाळून जातं. मिळकत थोडी, खर्च रात्रभर. पनामाच्या जंगलात ओटो लांगे यांनी दिवसरात्र मोजमापं घेतली, त्यांतही हेच दिसलं. ध्रुवावर अंधार लांबलचक असतो खरा, पण गोठलेलं दगडफूल त्यात काही खर्चच करत नाही. तिथला हिवाळा ओला आणि उबदार होऊ लागला, तर मात्र अंधारातला हा खर्च तिथेही सुरू होईल.

केळव्याहून बोईसरकडे निघालं की दुसरं संकट सुरू होतं, प्रदूषणाचं. मुळं नसल्यामुळे दगडफूल जे काही घेतं ते हवा-पावसातून, आणि बरं-वाईट निवडायची सोय त्याच्याकडे नाही. १८६६मध्ये विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबुर्ग बागेतल्या दगडफुलांवरून हवेची पारख केली होती. १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर उत्तर युरोपातल्या दगडफुलांत किरणोत्सारी सीझियम साठलं, ते खाऊन रेनडिअरच्या मांसात उतरलं आणि त्यांवर जगणाऱ्या सामी लोकांना मांस टाकून द्यावं लागलं. बोईसरजवळ तारापूरला अणुवीज केंद्र आहे, शेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. इथे महागड्या यंत्रांच्या जोडीला एक स्वस्त तपासणी शाळेतल्या मुलांनाही जमेल. छातीच्या उंचीवर खोडाला दोरी गुंडाळायची, तिच्याखाली किती चट्टे, किती प्रकारचे येतात ते वहीत मांडायचं. दर किलोमीटरला दहा आंबे, सारख्याच घेराचे, आणि दरवर्षी पाऊस ओसरल्यावर तीच झाडं.