बंबावरची बसायची जागा

इंग्लंडमध्ये उन्हाळा लागला, की गावोगावची अग्निशमन केंद्रं सुट्टीचा एखादा दिवस लोकांना खुली करतात. आवारात जुन्या-नव्या बंबांची रांग लागते. पोरं डोक्याहून मोठी पिवळी हेल्मेटं घालून स्टिअरिंगला लटकतात. सगळ्यात जास्त गर्दी मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या लाल डेनिसभोवती. गिल्डफर्डच्या या कारखान्याने १८९५ मध्ये सायकलींपासून सुरुवात केली, १९०८ मध्ये पहिला बंब बांधला आणि २००७ मध्ये बंब बनवणं थांबवलं.

पितळी घंटा, लाकडी शिडी, सगळं घासूनपुसून लखलखीत. पण खरी पाहण्यासारखी आहे ती जवानांची बसायची जागा. मधोमध होज ठेवायची लांबट पेटी, तिच्यावर दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून ते बसत. पाय फळीवर, हात दांड्यावर. ना दार, ना छप्पर. एडिंबरा आणि मग लंडनच्या दलाचे प्रमुख झालेल्या जेम्स ब्रेडवुड यांचं नाव या बांधणीला आहे. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत अंगावर भिंत कोसळून ते गेले. घोड्यांच्या काळातली ही बैठक मोटारबंबांवर तशीच आली. वेग वाढला आणि वळणावर माणसं फेकली जाऊ लागली. १९३०च्या दशकात बंदिस्त बंब येऊ लागले, तरी उघडे लगेच हटले नाहीत.

शेजारच्या नव्या स्कॅनिया बंबात सीटच्या पाठीतच श्वसनयंत्राचा सिलिंडर बसवलेला असतो. जवान पट्टा बांधून बसल्या जागी तो खांद्यावर चढवतो. फोटो मात्र डेनिसचेच निघतात. काढणाऱ्याने एकदा तरी त्या फळीवर पाय टेकवून, दांडा धरून पाहावं.

रांगेतला हिरवा बेडफर्ड बंब वेगळ्याच भीतीतून जन्मला. अणुहल्ल्यानंतर पेटलेल्या शहरांना मैलोन्‌मैल पाणी पुरवायला १९५०च्या दशकात सरकारने हे ‘ग्रीन गॉडेस’ बांधून घेतले. तो हल्ला झाला नाही. १९७७ आणि २००२ मध्ये अग्निशमन जवानांनी केलेल्या संपांत मात्र सैनिकांनी हेच बंब रस्त्यावर आणले.

प्रात्यक्षिकासाठी ताडपत्रीच्या हौदात जाड, कडक सक्शन होज सोडतात. सेंट्रिफ्यूगल पंपाला स्वतःहून हवा ओढता येत नाही, म्हणून आधी प्रायमर चालवून होजमधली हवा काढून टाकावी लागते. गेजचा काटा शून्याच्या खाली सरकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. एखाद्या जोडातून हवा शिरत असेल तर काटा अडतो. मग रबरी वॉशर तपासायचा, जोड पुन्हा आवळायचा. नव्या बंबात प्रायमर आपोआप लागतो, पण निसर्गाचा नियम तोच: सिद्धांताने दहा मीटर, प्रत्यक्षात साडेसात-आठ मीटरच्या खालचं पाणी असं उचलता येत नाही. पाणी पोचलं, की सपाट पडलेला होज फुगून ताठ होतो आणि ब्रँच, म्हणजे होजचं तोंड, धरलेला जवान पाय रोवतो.

मग सगळ्यांना दोरीमागे सरकवतात. कढईतलं तेल पेटवलेलं असतं. लांब दांड्याला बांधलेला पाण्याचा पेला जवान त्यात उपडा करतो. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, सतराशेपट फुगतं, पेटतं तेल वर उधळतं. ज्वाळा माणसाच्या कितीतरी वर जाते आणि दोरीमागच्या गालांनाही धग लागते. आपल्या तळणीच्या कढईलाही हे तंतोतंत लागू. जमलं तर गॅस बंद करायचा, कढई हलवायची नाही, पाण्याला हात लावायचा नाही; बाहेर पडून फोन करायचा.

फाटकापाशी जवान लोकांच्या गाड्या धुऊन देत असतात. डब्यात पडणारे पैसे फायर फायटर्स चॅरिटीला जातात. महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात मेलेल्या-जखमी झालेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी १९४३ मध्ये हा निधी उभा राहिला. आज त्यातून जखमी जवानांवर उपचार होतात आणि त्यांच्या घरच्यांनाही आधार मिळतो. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली असते.