न झालेल्या गोलांचा हिशेब

महाविद्यालयीन क्रीडामोसमातील फुटबॉल सामन्याची बातमी आपण वाचतो तेव्हा तीत दोन गोष्टी हमखास असतात. कोण किती गोलांनी जिंकले आणि ते गोल कोणी केले. प्रतिपक्षाला गोल का करता आला नाही, याचा खुलासा मात्र सहसा नसतो. १-० या निकालातील ‘एका’ला नाव असते, शून्य निनावी राहते. वस्तुतः ज्या संघाने मोसमभरातील बहुतेक सामने असेच निसटत्या फरकाने जिंकले, त्याची खरी कमाई ते शून्यच होय.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील महाविद्यालयांत येणारी बहुसंख्य मुले आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. शेवटची गाडी गाठण्याच्या घाईत सराव आटोपावा लागतो. हमखास गोल करणारा आघाडीवीर ही दुर्मिळ देणगी आहे. ती मागणी केली म्हणून मिळत नाही. याउलट जागा न सोडणे, सहकाऱ्याची पाठ राखणे, चेंडूमागे न धावता माणूस अडवणे या गोष्टी शिकवता येतात व सरावाने अंगी बाणतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्याच्याकडे भांडवल तोकडे आहे, त्याने प्रथम तोटा आवरावा. साधनहीन संघाने बचावाच्या बळावर मोसम उभा करणे हा भ्याडपणा नव्हे. ते शहाणपण आहे.

तथापि हे शहाणपण पत्करायला गडी मिळत नाहीत. प्रत्येकाला पुढे खेळायचे असते. गल्लीतल्या खेळात सर्वांत कच्च्या मुलाला गोलात उभे करण्याची रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मोठ्या जगातही न्याय वेगळा नाही. ‘बॅलन डी’ओर’ हा युरोपातील मानाचा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. २०२५ पर्यंत तो बेकेनबाउर, झामर आणि कानावारो या तीनच बचावपटूंना व याशिन या एकाच गोलरक्षकाला लाभला. आपल्याकडे जर्नेलसिंग हे आशियातील नामांकित बचावपटू. पण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला जखम असताना त्यांना आघाडीला खेळवले गेले आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. भारताने तो सामना २-१ असा जिंकला. आज त्यांची आठवण निघते ती बहुधा त्या गोलामुळे! जन्मभराच्या अडवणुकीला एका गोलाचा आधार लागावा, हे पुरेसे बोलके आहे.

बचावाचा अतिरेक खेळाला कंटाळवाणा करतो, हा आक्षेप खोटा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी सव्वादोन गोलही झाले नाहीत. त्यानंतर १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने धरण्यास बंदी झाली आणि १९९४ च्या विश्वचषकापासून विजयास दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. बक्षिसाचे प्रमाण बदलले की वर्तन बदलते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथेही खरा ठरला. पण बचावाची किंमत त्यामुळे संपली नाही. २००६ साली इटलीने विश्वचषक जिंकला तो सात सामन्यांत केवळ दोन गोल स्वीकारून. त्यातला एक स्वतःच्याच खेळाडूकडून झालेला व दुसरा पेनल्टीवरचा.

आपल्या मातीतील खेळांनी हा हिशेब अधिक सचोटीने ठेवला आहे. कबड्डीत पकडीला गुण आहे. खो-खोत तर संरक्षण करणारा किती मिनिटे व किती सेकंद टिकला, याची नोंद गुणपत्रकात होते आणि मराठी वृत्तपत्रे ती कंसात छापतात. ‘उत्कृष्ट संरक्षक’ असे वेगळे पारितोषिकही दिले जाते. जे मोजले जाते त्याला मान मिळतो, आणि ज्याला मान मिळतो ते करायला माणसे पुढे येतात.

ही गोष्ट मैदानापुरती नाही. पूर आल्यावर रस्ते पुन्हा बांधले की तो खर्च राष्ट्रीय उत्पन्नात जमा होतो; पूर येऊ न देणाऱ्या बंधाऱ्याने वाचवलेले नुकसान कोठेच दिसत नाही. कोरडवाहू कपाशीच्या आमच्या या जिल्ह्यात पावसाने ताण दिला असता एखाद-दुसरे संरक्षित ओलीत पीक तारून नेते. ‘संरक्षित’ हा शब्द शेतकऱ्याने उगीच स्वीकारलेला नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. गोल झाल्यावरची ती धावपळ होती. वेळीच अडवण्याची कदर आम्हाला असती, तर?

म्हणून महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांना एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक सामन्याच्या नोंदवहीत गोल करणाऱ्याच्या नावाखाली संघाने किती गोल स्वीकारले हे लिहावे आणि त्या वेळी मैदानावर असलेल्या बचावपटूंची व गोलरक्षकाची नावेही लिहावीत. स्नेहसंमेलनात एक पारितोषिक त्यांच्यासाठी राखून ठेवावे. याला खर्च फारसा नाही. शाई तेवढी थोडी अधिक लागेल. पण आपण अडवलेला चेंडू कोणीतरी पाहिला, एवढे कळले तरी खेड्यातून आलेला तो मुलगा पुढच्या मोसमातही मागच्या फळीत उभा राहायला राजी होईल.