पारनेरा : सुरतकर मराठी घरांच्या हाकेवरचा गड

सुरतमध्ये उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आपल्या खानदेशातली हजारो कुटुंबे स्थिरावली आहेत. घरात अहिराणी, बाजारात गुजराती असा त्यांचा संसार. पाहुणे आले की फिरायला कुठे न्यायचे, याचे ठरलेले उत्तर म्हणजे डुमस नाही तर सापुतारा. परंतु समुद्र, डोंगर आणि शिवकाल एकाच दिवसात पाहायचे असतील तर वलसाडजवळचा पारनेरा डोंगर गाठावा.

सुरतहून दक्षिणेला वलसाड रेल्वेने सुमारे ७० किलोमीटर. तेथून अतुलकडे निघाले की थोड्याच वेळात सपाट मुलखात एकटाच उभा असलेला हा डोंगर दिसू लागतो. उंची जेमतेम ५०० फूट. पायऱ्या असल्यामुळे आजी-आजोबाही दम खात चढू शकतात. वर चंडिका, अंबिका, नवदुर्गा आणि महाकाली यांची देवस्थाने आहेत, तसाच एका पीराचा दर्गाही. नवरात्रात अष्टमीला मोठी जत्रा भरते.

तटावर उभे राहिले की श्रमाचे चीज होते. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला आंबराईच्या पलीकडे समुद्राची रेघ दिसते. पूर्वेला धरमपूरकडचे डोंगर, सह्याद्रीचेच फाटे. पायथ्यापासून जवळच पार नदी वाहते. ती उगम पावते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांत. सीमा नकाशावर; पाण्याला ती ठाऊक नाही.

या तटाचा इतिहास मुलांना अवश्य सांगावा. महमूद बेगड्याने पंधराव्या शतकात हा गड घेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो उद्ध्वस्त केला. पुढे १६७६ मध्ये शिवरायांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी तो घेऊन पुन्हा बांधून काढला. त्यानंतर शंभरेक वर्षे तो मराठ्यांकडे होता. १७८० मध्ये पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात लेफ्टनंट वेल्श याने तो जिंकला.

सुरतेवरून परतताना महाराजांनी येथल्या एका खिडकीतून घोड्यासह उडी घेतली, अशी कथा स्थानिक गुजराती माणसे आजही कौतुकाने सांगतात. सुरतेच्या स्वाऱ्या १६६४ आणि १६७० च्या, गड हाती आला तो नंतर. म्हणजे तारखांशी कथा जुळत नाही. पण ती कौतुकाने सांगितली जाते, हे महत्त्वाचे!

कारण सुरतेतल्या मराठी मुलाची एक अडचण असते. घरी तो ऐकतो, महाराजांनी सुरतेची बदसुरत केली. शाळेतले मित्र म्हणतात, तुमच्या राजाने आमचे गाव लुटले. मूल गप्प बसते किंवा भांडते. खरे तर दोन्ही गोष्टी त्याला मोकळेपणी सांगायला हव्यात. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांत नासवला, त्याची भरपाई मोगलांच्या या श्रीमंत बंदरातून वसूल झाली, हे जितके खरे, तितकेच शहरातल्या सामान्य माणसांचे हाल झाले हेही खरे. त्याच धामधुमीत कॅप्युचिन पाद्री अँब्रोज यांचे घर आणि एका दानशूर हिंदू दलालाचे घर सोडून दिले गेले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. एवढे माहीत असलेला मुलगा मित्राला नीट उत्तर देईल, आणि त्याचेही ऐकून घेईल.

आणि हे सांगायला पारनेऱ्यासारखी जागा नाही. मराठ्यांनी उभारलेला तट आज गुजराती भाविकांच्या पायवाटेवर आहे. गुजराती मित्राचे कुटुंबही सोबत न्यावे. देवी त्यांची, गड आपला, असा वाटा तेथे करताच येत नाही.

जाण्यास दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण दगड निसरडे होतात. ढासळत्या तटावर मुलांना चढू देऊ नये. सकाळी लवकर चढावे, पाणी जवळ ठेवावे, प्लास्टिक परत आणावे. दुपारी उतरून वलसाडला जेवण आणि संध्याकाळी तिथलच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. रात्री मंडळी सुरतला घरी!